‘सभासद’ : एका शब्दाचा आणि व्यापाराच्या एका पद्धतीचा इतिहास

मराठीतील ‘सभासद’ हा शब्द आज दोन भिन्न व्यवहारांत रूढ आहे. गृहनिर्माण सहकारी संस्थेचा सभासद हा एक, आणि भ्रमणध्वनीवरील एखाद्या समूहाचा सभासद हा दुसरा. पुष्कळदा ही एकच व्यक्ती असते. ती एकाच इमारतीत राहते आणि एकाच सायंकाळी दोन्ही नात्यांनी वागते. परंतु पहिल्या नात्याने तिला संस्थेचा हिशेब मागता येतो, मत देता येते, ठराव मांडता येतो. दुसऱ्या नात्याने यांपैकी काहीही तिच्या हाती नसते. शब्द एक राहिला आणि त्यामागील अधिकार मात्र गळून गेले, ही घटना भाषाभ्यासकाइतकीच इतिहासाभ्यासकानेही विचारात घेण्यासारखी आहे.

गेल्या सुमारे पंधरा वर्षांत पापड-मसाले करणाऱ्या गृहिणी, साड्यांच्या विक्रेत्या, आंब्याचे बागायतदार अशा असंख्य लहान व्यावसायिकांनी समाजमाध्यमांतील समूहांचा आश्रय घेतला. या व्यवहाराविषयी जे मार्गदर्शनपर लेखन विपुल झाले आहे, त्याचा आशय थोडक्यात असा, की आधी समूह वाढवावा, त्यात आपलेपणा निर्माण करावा आणि मग त्या आपलेपणातून उत्पन्न मिळवावे. म्हणजे समूहाची सभासदसंख्या हे भांडवल मानावे. हे भांडवल कोठून येते आणि ते कोणाच्या मालकीचे असते, हा प्रश्न त्या लेखनात सहसा उपस्थित होत नाही. तो प्रश्न शब्दाच्या इतिहासाच्या आधाराने तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१

‘सभासद’ हा शब्द प्राचीन आहे. स्मृतिग्रंथांतील व्यवहारप्रकरणात सभासद म्हणजे राजाच्या न्यायसभेत बसून निर्णयास साहाय्य करणारे पुरुष. शत्रू आणि मित्र या दोघांविषयी समबुद्धी असणाऱ्यांचीच या कामी नेमणूक व्हावी, अशी अपेक्षा याज्ञवल्क्यस्मृतीत व्यक्त झाली आहे. सभेत नुसते बसणे हे सभासदाचे लक्षण नव्हे. बोलणे आणि निर्णयात वाटा घेणे हे त्याचे लक्षण होय. मराठी इतिहासाच्या वाचकास हा शब्द कृष्णाजी अनंत सभासद या नावाने परिचित आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी लिहिलेली बखर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेथे हा शब्द राजसभेतील स्थानाचा वाचक आहे.

विसाव्या शतकात या शब्दाला सहकारी चळवळीने नवा अर्थ दिला. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, १९१२ चा व्यापक कायदा, १९२५ चा मुंबई प्रांताचा कायदा आणि १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम या क्रमाने ‘सभासद’ ही कायद्याची संज्ञा झाली. तिच्या शेजारीच ‘भागधारक’ हा शब्द होता. परंतु दोहोंतील भेद मराठी वापराने कटाक्षाने पाळलेला दिसतो. कंपनीच्या भागधारकाचे वजन त्याच्या भागांच्या संख्येवर ठरते. सहकारी संस्थेच्या सभासदाला, त्याचे भाग कितीही असोत, मत एकच. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा ऊस उत्पादक शेतकरी ‘सभासद’ या नात्याने कारखान्याचा धनी झाला. प्रत्यक्षात या तत्त्वाची पायमल्ली अनेक ठिकाणी झाली, हे खरे. तथापि शब्दाच्या अर्थात ते तत्त्व टिकून राहिले. ‘मी कारखान्याचा सभासद आहे’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्या वाक्यात हक्काचा स्वर असतो.

२

ओळखीच्या माणसांत व्यापार करणे ही प्रथा समाजमाध्यमांनी निर्माण केली, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः ही प्रथा बरीच जुनी आहे. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण पुरविणाऱ्या बायकांचा धंदा सर्वस्वी ओळखीवर चालत असे. गाववाल्याने गाववाल्यास आणावे, महिनाभर जेवावे आणि पगार झाल्यावर पैसे द्यावेत, अशी ती रीत. या व्यवहारात उधारीचा सर्व भार त्या बाईवर पडे आणि तो भागविण्यासाठी ती सावकाराच्या कचाट्यात सापडे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि परस्परांस जामीन राहणाऱ्या बायकांच्या गटांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा केला. ओळख तीच, माणसे तीच. पण आता ती ओळख बायकांच्या बाजूने उभी राहिली.

याहून प्रसिद्ध उदाहरण लिज्जतचे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी पापड लाटण्यास प्रारंभ केला. भांडवल ८० रुपयांचे, आणि तेही उसने. भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते छगनलाल करमसी पारेख यांचे त्यांस मार्गदर्शन होते. १९६६ मध्ये ही संस्था रीतसर नोंदविली गेली. येथे लाटणारी बाई ही मजूर नव्हती. ती ‘बहीण’ म्हणून संबोधली जाई आणि सहमालकीण म्हणून नफ्यात वाटेकरी असे. नातेवाचक शब्द आणि मालकी यांची अशी सांगड मराठी-गुजराती व्यापारजगतात क्वचितच आढळते. पुढे १९९२ पासून नाबार्डच्या योजनेने बचत गटांना बँकांशी जोडले. आजही खेड्यातील स्त्री ‘आमचा गट’ म्हणते तेव्हा पुष्कळदा तिला हाच गट अभिप्रेत असतो. दहा-वीस बायका, ठरलेल्या दिवसाची बैठक, इतिवृत्ताची वही, प्रत्येकीचे खातेपुस्तक असे त्याचे स्वरूप. समूहाची स्मृती त्या वहीत राहते आणि ती वही गटाच्याच एखाद्या घरातील पेटीत राहते.

याच काळात अमेरिकेत ओळखीच्या व्यापाराची एक निराळी पद्धत विकसित झाली. टपरवेअर कंपनीची प्लॅस्टिकची भांडी दुकानांत फारशी खपत नव्हती. ब्राउनी वाइज या बाईंनी ती घरगुती मेळाव्यांत विकून दाखविली, आणि १९५१ साली कंपनीने त्यांना विक्रीची सूत्रे देऊन दुकानांतील विक्री थांबविली. गृहिणीने मैत्रिणींस चहाफराळास बोलवावे आणि त्या मेळाव्यात भांडी विकली जावीत, अशी ही रीत. वाइज बाईंची कीर्ती एवढी झाली, की १९५४ मध्ये एका नामांकित व्यापारविषयक साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. १९५८ मध्ये मात्र कंपनीने त्यांना दूर केले. कंपनीत त्यांची मालकी नव्हती. १९९६ मध्ये ही कंपनी भारतात आली, तेव्हा हळदीकुंकू, भिशी अशा मेळाव्यांची सवय असलेल्या आपल्या शहरांना ही पद्धत अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

लिज्जत आणि टपरवेअर ही दोन्ही उदाहरणे १९५० ते १९६० या एकाच दशकातील आहेत. दोन्हींत विक्रीचे बळ स्त्रियांच्या परस्परस्नेहातून आले. पहिल्या पद्धतीत स्नेह देणारी स्त्री सहमालकीण झाली. दुसरीत ती विक्रीची वाहक राहिली. समाजमाध्यमांतील समूह या दोहोंपैकी कोणत्या परंपरेचा वारस आहे, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

३

२००४ साली ऑर्कुट हे संकेतस्थळ सुरू झाले आणि भारतात लवकरच लोकप्रिय झाले. आवडीनिवडींचे, गावांचे, शाळांचे समुदाय तेथे जमले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. एका खाजगी कंपनीच्या निर्णयाने एखादी पेठ अशी विसर्जित होऊ शकते, याचा हा भारतीय वापरकर्त्यांना मिळालेला पहिला मोठा अनुभव होय. तत्पूर्वी २०१० मध्ये फेसबुकने समूहांची नवी रचना आणली होती. २००९ मध्ये स्थापन झालेल्या व्हॉट्सॲपवरही समूह जमू लागले होते, आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेण्याचा करार केला. २०१६ हे वर्ष भारतापुरते निर्णायक ठरले. त्या वर्षी यूपीआयची देवघेव सुरू झाली, सप्टेंबरात जिओच्या आगमनाने माहितीचे दर कोसळले आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. व्हॉट्सॲपच्या एका समूहाची मर्यादाही त्याच वर्षी २५६ माणसांपर्यंत गेली. २०२२ मध्ये ती १०२४ झाली.

व्यापाराच्या दृष्टीने २०१८ हे वर्ष अधिक उद्बोधक आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत लहान व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲपची स्वतंत्र आवृत्ती निघाली. त्याच महिन्यात फेसबुकने जाहीर केले, की व्यावसायिक पृष्ठांपेक्षा आप्तमित्रांच्या आणि समूहांतील मजकुरास यापुढे प्राधान्य मिळेल. ज्यांनी पृष्ठावर गिऱ्हाईक जमविले होते, त्यांना समूहाकडे वळणे भाग पडले. जूनमध्ये काही निवडक समूहांच्या चालकांना सभासदांकडून दरमहा ४.९९ ते २९.९९ डॉलर शुल्क घेण्याची मुभा प्रयोगादाखल देण्यात आली. समूहातील आपलेपणाला उघडपणे किंमत लावण्याचा हा प्रारंभ म्हणता येईल. याच सुमारास व्हॉट्सॲपवर अशी सोय झाली, की चालकाची इच्छा असल्यास समूहात केवळ त्यालाच संदेश पाठविता यावेत, इतरांनी वाचावे.

शब्दार्थाच्या इतिहासात या शेवटच्या बदलाचे महत्त्व विशेष आहे. ज्या सभेत बोलता येत नाही, तिच्यात बसणाऱ्यास पूर्वीच्या मराठीत ‘सभासद’ म्हटले गेले नसते. त्यास श्रोता म्हटले असते. प्रवेशाच्या बाबतीतही तोच प्रकार दिसतो. एप्रिल २०१९ मध्ये संमतीविषयक सोय येईपर्यंत, ज्याच्याजवळ आपला क्रमांक आहे त्याने आपणांस न विचारता कोणत्याही समूहात घालावे, अशी स्थिती होती. म्हणजे संमतीवाचून सभासदत्व आणि मौनासह सभासदत्व या दोन्ही गोष्टी, ज्या जुन्या अर्थाने अशक्य होत्या, त्या शक्य झाल्या. शब्द मात्र बदलला नाही, आणि त्या न बदललेल्या शब्दामुळे झालेला बदल सहज नजरेस आला नाही.

मालकीच्या प्रश्नावर मीशो या कंपनीचा इतिहास प्रकाश टाकतो. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची आरंभीची पद्धत अशी होती : गृहिणीने वस्तूंची चित्रे आपल्या नातेवाइकांच्या व शेजारणींच्या समूहांत पाठवावीत, मूळ किमतीवर आपला नफा चढवावा, आणि माल परस्पर ग्राहकाकडे जावा. माल दुसऱ्याचा, वाहतुकीची व्यवस्था कंपनीची. ओळख तेवढी त्या बाईची. २०२१ पासून कंपनीने ग्राहकांस थेट विक्री करण्यावर भर दिला आणि मधल्या विक्रेतीचे महत्त्व ओसरले. यात कंपनीने कोणताही करार मोडला असे नाही. ज्या ओळखीच्या बळावर बाजारपेठ तयार झाली, ती ओळख कोणत्याही वहीत त्या विक्रेतीच्या नावे भांडवल म्हणून मांडलेली नव्हती, एवढेच यावरून दिसते. ब्राउनी वाइज यांच्या बाबतीतही याहून वेगळे काही घडले नव्हते.

४

ही ओळख प्रत्यक्षात कशी घडते, हे पाहण्यासाठी समूहातील भाषेकडे वळले पाहिजे. १९२३ मध्ये मालिनोव्स्की यांनी भाषेच्या अशा एका वापराकडे लक्ष वेधले, की ज्यात माहिती देणे हा हेतू नसून संबंध टिकविणे हा हेतू असतो. ‘काय, जेवण झाले का?’ या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते. समूहांतील ‘शुभ सकाळ’, सणाच्या शुभेच्छा, वाढदिवसाचे अभीष्टचिंतन हे सारे याच जातीचे. सुशिक्षित लोक त्याचा उपहास करतात. परंतु समूहातील व्यापार याच भाषेवर उभा असतो. जेथे केवळ विक्रीचे संदेश येऊ लागतात, तेथे लोक समूह सोडत नाहीत, फक्त वाचणे सोडतात. अनेक समूहांत विक्रीसाठी आठवड्यातील एखादाच वार राखून ठेवण्याचा नियम असतो, तो या अनुभवातूनच आला आहे. आठवडी बाजाराची ही आठवण मनोरंजक आहे.

संबोधनांची रीतही लक्षणीय आहे. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० मध्ये सर्वनामांच्या निवडीमागे सत्ता आणि सलगी ही दोन तत्त्वे दाखवून दिली. मराठी समूहांत विक्रेती व ग्राहक दोघीही परस्परांस ‘ताई’ म्हणतात आणि क्रियापद आदरार्थी वापरतात. ‘ताई, तुम्हाला किती पाकिटे पाठवू?’ या वाक्यात नात्याची जवळीक आहे आणि दुकानदारीचे अंतरही आहे. उधारी नाकारण्यास हे अंतर उपयोगी पडते. उधारी मागण्यास ती जवळीक. जुन्या ‘उचापती’च्या व्यवहारातील अवघडलेपण येथे भाषेने सांभाळलेले दिसते.

याच्या उलट दिशेने जाणारी एक रीत म्हणजे ‘किंमत इनबॉक्समध्ये’. वस्तू सर्वांना दाखवावयाची, भाव मात्र एकेकास खाजगीत सांगावयाचा. मराठी वाचकास यावरून गुरांच्या व फळांच्या बाजारांतील रुमालाखालच्या सौद्याची आठवण व्हावी. बोटांच्या खुणांनी भाव ठरे, आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यास तो कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला, त्यामागे या प्रथेचा अनुभव होता. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७८ मध्ये मोरोक्कोच्या बाजाराविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले, की अशा पेठेत सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे माहिती, आणि म्हणूनच ग्राहक एकाच विक्रेत्याकडे पुनःपुन्हा जातो. आपल्या समूहांत माहिती दुर्मिळ राहण्याचे तांत्रिक कारण काहीच नाही. ती दुर्मिळ ठेवली जाते.

५

या विवेचनाची कसोटी पाहण्यासाठी २०२० चा आंब्याचा हंगाम घ्यावा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, नेमकी हापूसच्या भर हंगामात. कोकणातील बागायतदाराचा नेहमीचा मार्ग म्हणजे माल वाशीच्या बाजारात दलालाकडे पाठविणे आणि दलाली, हमाली वजा होऊन आलेली पट्टी स्वीकारणे. हंगामापूर्वी घेतलेल्या उचलीमुळे तो बहुधा त्याच दलालाशी बांधलेला असतो. त्या वर्षी हा मार्ग विस्कळीत झाला. फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळण्याचा निर्णय महाराष्ट्रात २०१६ मध्येच झाला होता. त्यामुळे थेट विक्रीस कायद्याची आडकाठी नव्हती. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांच्या समूहांत आपला माल मांडला. एकाने नाव व पेट्यांची संख्या लिहावी, दुसऱ्याने ती यादी उचलून खाली आपले नाव जोडावे, अशा वाढत जाणाऱ्या याद्यांनी मागणी नोंदली गेली. पैसे यूपीआयने गेले. गाडी फाटकाशी आली.

हे समूह यशस्वी का झाले? ते व्हॉट्सॲपवर होते म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. समूहातील प्रत्येक नाव हे एका सदनिकेचे नाव होते; चिटणीस सर्वांच्या ओळखीचा होता; फसवणूक झाल्यास कोणाच्या दारावर जावयाचे हे ठाऊक होते. म्हणजे समूहाचे सभासद हे मुळात सहकारी संस्थेचे सभासद होते. जुन्या अर्थाच्या सभासदत्वाने नव्या अर्थाच्या सभासदत्वास आपली पत उसनी दिली. यादीतील प्रत्येक क्रमांक व भाव सर्वांसमोर असल्यामुळे रुमालाखालच्या सौद्यासही वाव राहिला नाही.

उलट बाजू पुढच्या वर्षी दिसली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या. ज्या व्यावसायिकाचे ग्राहक, मागण्या आणि हिशेब सर्व फेसबुकवरील समूहातच होते, त्याला तेवढा वेळ आपल्या गिऱ्हाइकाचे नावही सांगता आले नसते. दुकानास आग लागली तरी दुकानदाराला आपली गिऱ्हाइके आठवतात. येथे ती आठवणही परक्याच्या कोठारात होती.

यावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला व्यवहाराविषयी. समूहातील आपलेपणातून उत्पन्न मिळविणे यात गैर काही नाही. लिज्जतच्या बहिणींनीही तेच केले. मात्र आपलेपणा देणारास त्याच्या फळात आणि निर्णयात वाटा आहे की नाही, यावर त्या व्यवहाराचे स्वरूप ठरते. ज्या लघुव्यावसायिकाने आपल्या ग्राहकांची यादी स्वतःच्या वहीत ठेवली, भाव उघड ठेवला आणि चार जणींस भागीदार करून घेतले, त्याचा समूह उद्या माध्यम बदलले तरी टिकेल. केवळ संख्या वाढविणाऱ्याचे भांडवल दुसऱ्याच्या जागेत ठेवलेले आहे.

दुसरा निष्कर्ष आपल्या अभ्यासक्षेत्राविषयी आहे. पेशवाईतील पेठांचा इतिहास आपण दप्तरांतील रुमालांवरून लिहितो. गेल्या पंधरा वर्षांतील घरगुती व्यापाराचे दप्तर म्हणजे हे समूह. आणि नोव्हेंबर २०२० पासून तेथील संदेश सात दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची सोयही झाली आहे. ऑर्कुटवरील समुदायांची वाताहत आपण पाहिली. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या, इमारतीच्या, आईच्या किंवा मावशीच्या समूहातील याद्या, भाव व संबोधने, संबंधितांची संमती घेऊन आणि नावे झाकून, आताच उतरवून ठेवावीत. बचत गटाच्या बाईने आपल्या पेटीत वही जपून ठेवली आहे. समूहात पापड विकणाऱ्या तिच्या मुलीजवळ अशी वही नाही, आणि ती लिहून देण्याचे काम आपल्याला करता येण्यासारखे आहे.